लाकडी सभामंडप : ग्रामस्थांच्या शंका व त्यांची उत्तरे

(सभामंडपाच्या कामाचा निर्णय घेण्यासाठी देवळात भरलेल्या ग्रामस्थांच्या सभेत केलेले भाषण. जीर्णोद्धार समितीच्या सूचनेवरून येथे छापले आहे.)



मी इंजिनिअर नाही, सुतारही नाही. तहसील कचेरीत कारकुनी करणारा, एस. एस. सी. पर्यंत शिकलेला, आपल्यापैकीच एक माणूस आहे. परंतु समितीने मजवर असे काम सोपविले की, सभामंडपाविषयी गावात ज्या ज्या शंका निघतात त्या लिहून काढाव्यात, जाणकारांना विचारून व पुस्तके पाहून त्यांची उत्तरे जमवावीत आणि ती सभेपुढे ठेवावीत. कचेरीत एखादे प्रकरण साहेबांपुढे ठेवण्यापूर्वी त्यावर टिपणी लिहावी लागते. आजचे माझे बोलणे ही तशीच एक टिपणी समजावी. निर्णयाचा अधिकार सभेचा आहे.

प्रकरण थोडक्यात असे. देवाचा गाभारा दगडी आहे व त्याला हात लावावयाचा नाही, यावर कोणाचे दुमत नाही. प्रश्न आहे तो पुढच्या सभामंडपाचा. त्याचे खांब, तुळया, वासे सर्व लाकडी, वर कौले. काही खांब बुडाशी कुजले आहेत, एक तुळई वाकली आहे, पावसाळ्यात भजनाला बसले की चार ठिकाणी पातेली मांडावी लागतात. एक मत असे की, हे सर्व उतरवून टाकावे आणि स्लॅबचा मंडप बांधावा. दुसरे मत असे की, लाकडी मंडपच दुरुस्त करावा व जेथे गरज आहे तेथे नवे लाकूड घालावे. दोन्ही मते देवावरच्या श्रद्धेतूनच आलेली आहेत, म्हणून कोणी कोणाला मागासलेला किंवा उधळ्या म्हणू नये, अशी माझी प्रथमच विनंती आहे.

शंकांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेऊ. लाकडी सांगाड्याच्या इमारतीत छपराचा भार भिंतीवर नसतो. कौलांचा भार रिपांवर, रिपांचा वाशांवर, वाशांचा तुळईवर, तुळईचा खांबावर आणि खांबाचा खालच्या दगडी तळखड्यावर, अशी ही उतरंड आहे. भिंत नुसती आडोशाला. दोन खांबांच्या मधल्या जागेला आपण खण म्हणतो. आपले वाडवडील घर फुटांत सांगत नसत. अमक्याचे घर पाच खणी, तमक्याचा वाडा नऊ खणी, असे सांगत. म्हणजे एक खण हे माप ठरलेले, आणि तसे खण एकापुढे एक जोडले की घर तयार. आजकाल शहरातून ‘मॉड्यूलर’ बांधकाम हा शब्द ऐकू येतो. ठराविक मापाचे भाग आधी तयार करावयाचे आणि जागेवर आणून जोडावयाचे, असा त्याचा अर्थ. त्यातले तंत्र नवे असेल, पण विचार आपल्या खणात होताच. हे ध्यानात ठेवले तर पुढची उत्तरे सोपी होतील.

पहिली शंका : लाकूड टिकून टिकून किती टिकणार?

पुष्कळांना वाटते की लाकूड म्हणजे पन्नास-साठ वर्षांचा सोबती. लोणावळ्याजवळ कार्ल्याची लेणी आपल्यापैकी अनेकांनी एकवीरा देवीच्या दर्शनाला जाताना पाहिली असतील. तेथील मोठ्या चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी कमानी आहेत. ते लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे आणि त्या काळच्या लाकडी कमानी आजही छताला आहेत. जपानात नारा शहराजवळ होर्यूजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. तेथील लाकडी इमारती सुमारे तेराशे वर्षांच्या असून जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्यांची गणना होते. त्या देशात पाऊस कमी नाही आणि भूकंप तर आपल्यापेक्षा फार जास्त.

पण या दोन उदाहरणांत एक भेद आहे. कार्ल्याचे लाकूड डोंगराच्या पोटात, पावसापासून आणि जमिनीच्या ओलीपासून दूर राहिले म्हणून टिकले. होर्यूजीचे लाकूड उघड्यावरच्या इमारतीचे असूनही टिकले, कारण पिढ्यानपिढ्या ते सुटे करून, कुजके तेवढे काढून, नवे घालून पुन्हा जोडण्यात आले. आपला मंडप डोंगराच्या पोटात नाही. आपल्याला दुसराच मार्ग आहे.

दुसरी शंका : मग आपले खांब का कुजले?

लाकूड वयाने मरत नाही, पाण्याने मरते. लाकडात ओलावा शेकडा वीसच्या खाली राहिला तर त्याला कुजविणारी बुरशी वाढत नाही. सावलीत नीट वाळलेल्या लाकडात तो शेकडा बारा ते पंधराच्या आसपास असतो. याचा अर्थ, कोरडे ठेवलेले लाकूड कुजत नाही, आणि पावसाळ्यात भिजले तरी लवकर वाळले तर कुजत नाही. कुजते ते जेथे पाणी शिरते पण वाळत नाही तेथे.

आता खांबांकडे पाहा. कुजलेला भाग सगळीकडे जमिनीपासून वीतभर किंवा हातभरच आहे. त्याच्यावरचे लाकूड खणखणीत आहे. जुन्या सुताराने पटाशी मारून दाखविले ते आपण पाहिलेच. हे कसे झाले? मूळ मंडपात खांब तळखड्यावर उभे होते आणि तळखडा जमिनीच्या वर होता. पुढे भाविकांनी फरशी घातली, त्यावर कोणी शहाबादी बसविली, आणखी काही वर्षांनी त्यावर टाइल्स आल्या. प्रत्येक वेळी जमीन दोन-तीन इंच वर चढली. शेवटी तळखडा खाली गडप झाला आणि लाकूड थेट सिमेंटमध्ये रुतले. देऊळ धुतले की ते पाणी खांबाच्या बुडाशी मुरते. त्यात वरून खांबांना दरवर्षी तैलरंगाचे हात. ओल्या लाकडावर जाड रंग दिला की आतली ओल बाहेर पडत नाही. दान देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण खांबाचे पाय पाण्यात राहिले.

यावर उपाय आहे. तुळईला जॅक लावून भार तोलून धरावयाचा, खांबाचा कुजका भाग कापून काढावयाचा, आणि त्या जागी एकतर उंच दगडी तळखडा बसवावयाचा किंवा गाभ्याचे नवे लाकूड सांधून द्यावयाचे. संपूर्ण खांब फेकण्याची गरज फार थोड्या ठिकाणी पडेल. आणि नवी फरशी घालताना ती तळखड्याच्या खालीच राहिली पाहिजे, ही अट समितीने लेखी ठेवावी.

तिसरी शंका : वाळवी आणि भुंगा यांचे काय?

वाळवी बहुधा जमिनीतून मातीच्या नळ्या करून वर चढते. दगडी जोते उंच असेल आणि खांबाचे बूड चारी बाजूंनी डोळ्यांना दिसत असेल तर ती नळी लगेच दिसते. ती लपूनछपून चढते ते भिंतीत गाडलेल्या किंवा फरशीत रुतलेल्या लाकडातून. तेव्हा उघडा खांब हाच पहिला पहारेकरी. जमिनीला औषध देण्याची रीत भारतीय मानक ब्यूरोच्या ६३१३ क्रमांकाच्या मानकात दिली आहे, आणि लाकडाला औषध देण्याची ४०१ क्रमांकाच्या मानकात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. औषधे विषारी असतात आणि मंडपात लहान मुले बसतात.

लाकडातून पिठासारखा भुसा गळतो तो भुंग्याचा. तो बहुतेक बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागतो, सागाच्या आतल्या तपकिरी गाभ्याला सहसा लागत नाही. म्हणून लाकूड घेताना नुसता ‘साग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोवळ्या झाडाच्या सागात पांढरे लाकूड जास्त निघते. प्रत्येक नगाचे टोक पाहून, गाभा किती व पांढरे किती, हे पाहूनच पसंती द्यावी.

चौथी शंका : आग लागली तर?

ही शंका खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला. दगडी जोती, तट आणि दरवाजे राहिले, आतले लाकडी वैभव गेले.

मात्र जाड लाकूड आणि बारीक लाकूड यांत फरक आहे. जाड खांबाला आग लागली की बाहेरून कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला काही काळ राखतो. कोळसा होण्याचा वेग मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास धरतात. म्हणजे आठ इंची खांबाला अर्धा तास जाळ लागला तरी प्रत्येक बाजूने इंचभरच जाईल, आतला गाभा भार पेलत राहील. उलट उघडे लोखंड साडेपाचशे अंश उष्णतेला आपली बरीच ताकद गमावते. पण रिपा, फळ्या, आणि मंडपात टांगलेली कागदी-कापडी सजावट चटकन पेटते. तेथूनच धोका आहे.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पॅरिस शहरातील नोत्र दाम या जुन्या चर्चचे लाकडी छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेव्हा तेथे दुरुस्तीचे काम चालू होते. होर्यूजीच्या मुख्य मंदिरात १९४९ च्या जानेवारीत आग लागली व भिंतींवरील प्राचीन चित्रे होरपळली, तेव्हाही दुरुस्तीच चालू होती. वरच्या मजल्याचे लाकूड त्या वेळी सुटे करून बाजूला ठेवले होते, म्हणून ते वाचले. यावरून आपण धडा घ्यावा. काम चालू असताना लाकडी छपराखाली वेल्डिंग होणार नाही, विडी-काडी चालणार नाही, आणि रात्री एक माणूस राखणीला राहील. काम पुरे झाल्यावर विजेच्या तारा नळीतून न्याव्यात, प्रवाह आपोआप तोडणारी कळ बसवावी, समई आणि कापूर यांसाठी दगडी किंवा पितळी जागा ठरवून द्यावी, आणि आग विझविण्याचे नळकांडे दाराशी टांगावे.

पाचवी शंका : भूकंपात लाकडी मंडप राहील का?

आपला भाग कोयनेच्या जवळचा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवणारी मंडळी समोर बसली आहेत, त्यांच्यापुढे मी काय सांगावे? माझा जन्म त्यानंतरचा. पण कागदावर जे आहे ते असे की, त्या वेळी काय किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात किल्लारीला काय, माणसे मेली ती मुख्यत्वे मातीत रचलेल्या दगडी भिंती अंगावर पडून आणि डोक्यावरच्या जड छपराखाली सापडून. किल्लारीनंतर जाणकारांनी पाहणी केली तेव्हा असे दिसले की, काही घरांच्या भिंती ढासळल्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा छपरासह उभा राहिला. काश्मीरमध्ये लाकडी चौकटीत दगड-विटांचे लहान लहान तुकडे भरून भिंत करण्याची जुनी रीत आहे, तिला तिकडे ‘धज्जी दीवारी’ म्हणतात. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर त्या रीतीची जगभर तारीफ झाली.

कारण असे की, लाकूड वजनाने हलके आणि वाकून पुन्हा सरळ होणारे. सांधा एकजीव नसतो. एका लाकडाला जीभ काढलेली, दुसऱ्याला भोक पाडलेले, आणि आडवी खुंटी. धक्का बसला की सांधा कुरकुरतो, थोडा हलतो, पण एकदम तुटत नाही. तरीही लाकूड आहे म्हणजे निर्धास्त, असे कोणी समजू नये. खुंटी निघालेली असेल, बूड कुजले असेल, किंवा लाकडी सांगाड्यावर हातभर माती थापली असेल, तर तोच सांगाडा जीव घेईल. आपल्या मंडपाच्या तीन बाजूंच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या आहेत. खांबांइतकीच काळजी त्या भिंतींची घ्यावी लागेल. इंजिनिअरने सांगितले आहे की, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठराविक अंतरावर घालावेत आणि वरच्या अंगाला सलग पट्टा बांधावा.

सहावी शंका : एवढे करण्यापेक्षा स्लॅब का नको?

स्लॅब वाईट आहे असे मी म्हणणार नाही. शाळेची इमारत, पाण्याची टाकी, पूल, सगळे त्याच्यावर उभे आहे. परंतु आपल्या जागेवर त्याचा हिशेब मांडून पाहू. मंडप वीस फूट बाय तीस फूट, म्हणजे सहाशे चौरस फूट. चार इंची स्लॅबचे वजन होते सुमारे चौदा टन, आणि त्यावर गिलावा व पाणी अडविण्याचा थर वेगळा. मंगळुरी कौले रिपांसह घातली तर उताराचे वाढीव क्षेत्र धरूनही चार ते साडेचार टन. जुन्या मातीच्या भिंतींवर चौदा टनांचा भार ठेवता येत नाही. मग स्लॅबसाठी नवे काँक्रीटचे खांब, त्यांना खोल पाये, आणि ते पाये खणावयाचे गाभाऱ्याच्या जुन्या दगडी जोत्याला लागून. गाभाऱ्याला हात लावावयाचा नाही असे आपण ठरविले आहे. पण खणताना त्याच्या पायाखालची माती हलली तर तो हात लावण्यासारखाच आहे.

दुसरे, स्लॅबला दुरुस्ती लागत नाही हा समज. आतील सळई पाण्याने गंजली की फुगते आणि काँक्रीटचे खपले पडू लागतात. आपल्याकडच्या पावसात हे किती लवकर होते ते गावातील जुन्या स्लॅबच्या घरांकडे वर मान करून पाहावे. फरक एवढाच की लाकडाचा एक वासा बिघडला तर तो वासा बदलता येतो. स्लॅबचा एक तुकडा बदलता येत नाही.

माकडे कौले फोडतात ही तक्रार मात्र मान्य केली पाहिजे. त्यासाठी वाशांवर आधी पन्हळी पत्रा घालून, त्यावर हवा खेळेल इतके अंतर ठेवून रिपा मारून कौले घालण्याची पद्धत आहे. कौल फुटले तरी पाणी लाकडावर येत नाही. स्वयंसेवकाने वर चढून कौल बदलावयाचे तेवढे राहते.

सातवी शंका : लाकूड आणावयाचे कोठून?

येथे मी थोडा कचेरीच्या भाषेत बोलतो. महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याचा विनियमन कायदा आहे. साग, ऐन, किंजळ, फणस, जांभूळ, आंबा ही झाडे त्याच्या यादीत आहेत. झाड आपल्या सातबाऱ्याच्या जमिनीतले असले तरी ते तोडण्यास परवानगी लागते, आणि तोडलेले लाकूड नेण्यास वाहतूक पास लागतो. देवाच्या कामासाठी दोन ओंडके आणले, त्याला कशाला कागद, असे कोणी म्हणेल. देवाच्या कामात तर कागद अधिकच चोख पाहिजे. ज्यांनी झाडे देऊ केली आहेत त्यांचे आपण ऋणी आहोत. त्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यासह अर्ज करावा, लिहिण्याचे काम मी विनामूल्य करीन.

काही तरुणांनी सुचविले की, देवराईत एवढी मोठी झाडे आहेत, देवाचेच लाकूड देवाला लावावे. याला दोन उत्तरे आहेत. देवराईची जमीन कोणाच्या नावावर आहे हे अभिलेखावरून पाहावे लागेल, आणि ती शासनाची किंवा वनखात्याची असल्यास तेथे कुऱ्हाड लावणे हा गुन्हा आहे. दुसरे उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांचे. देवराईत पडलेली काटकीसुद्धा घरी नेऊ नये, असे त्यांनी सांगितले. तिच्या मुळांनी झरा धरून ठेवला आहे आणि तो झरा उन्हाळ्यात वरच्या वाडीची तहान भागवितो. सभामंडप होईल आणि झरा जाईल, असा सौदा देवालाही आवडणार नाही.

उरला तिसरा मार्ग. शहरात जुने वाडे उतरविले जातात, त्यांचे सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत मिळते. ते चांगले वाळलेले असते, पुन्हा आकसत नाही. मात्र आत राहिलेले खिळे, जुनी भोके आणि कुजके भाग पाहून घ्यावेत आणि खरेदीची पावती घ्यावी. नवे ओले लाकूड घेतल्यास ते फळ्या-तुळयांत कापून, मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत रचून वाळवावे लागते. जाड नगांना वर्ष-दीड वर्षही लागते. घाईने ओले लाकूड चढविले तर चिरते, पीळ धरते आणि सांधे उघडतात.

आठवी शंका : भाग दुसरीकडे तयार करून आणले तर चालतील का?

चालतील, आणि माझ्या मते हेच आपल्याला सोयीचे आहे. आपल्याकडे पावसाचे चार महिने उघड्यावर काम होत नाही. त्या काळात सुताराच्या छपराखाली खांब, तुळया, कैच्या तयार करता येतील. प्रत्येक खण जमिनीवर आडवा मांडून जोडून पाहावयाचा, सांधा बसतो की नाही ते तपासावयाचे, प्रत्येक नगावर खण क्रमांक आणि नग क्रमांक पटाशीने कोरावयाचा, आणि पुन्हा सुटे करून ठेवावयाचे. दिवाळीनंतर ते आणून जागेवर उभे करावयाचे. नोत्र दामचे ओकचे छप्पर पुन्हा बांधले तेव्हा त्याच्या कैच्या याच रीतीने कार्यशाळेत तयार करून, जोडून पाहून मग पॅरिसला नेल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले. चेन्नईजवळ दक्षिणचित्र नावाची संस्था आहे, तेथे केरळातील जुने लाकडी घर मूळ गावी सुटे करून, आणून, पुन्हा उभे केलेले पाहावयास मिळते.

काळजी तीन गोष्टींची. पहिली, जुने बांधकाम कधीच काटकोनात नसते. म्हणून प्रत्येक खणाचे माप जागेवर वेगळे घ्यावे, एका खणावरून सगळे कापू नये. दुसरी, घाटातले वळण आणि देवळाकडची बोळ यांतून किती लांबीचा नग येतो ते आधी पाहावे. तिसरी, जुना मंडप उतरविताना आधी प्रत्येक नगाला क्रमांक द्यावा, फोटो काढावे, मगच खुंटी ठोकून काढावी. उतरविलेल्या लाकडाचा ढीग झाला की चांगले-वाईट ओळखू येत नाही आणि चांगलेही जळणात जाते.

नववी शंका : असे काम करणारे सुतार आता आहेत कोठे?

आहेत, पण थोडे आहेत आणि त्यांचे वय झाले आहे. तरुण सुतार प्लायवूडच्या कपाटांकडे वळले, त्यात त्यांचा दोष नाही. गावाने तसे कामच दिले नाही. जपानात इसे येथील देवस्थानात दर वीस वर्षांनी लाकडी मंदिर शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ साली बांधले, पुढचे २०३३ साली. वीस वर्षांपूर्वी ज्याने पोर म्हणून हाताखाली काम केले, तो पुढच्या खेपेला मिस्त्री होतो. अशा रीतीने देवळाबरोबर विद्याही टिकते. आपण मंडप दर वीस वर्षांनी पाडावा असे मी म्हणत नाही. पण जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली गावातील दोन तरुण मुले या कामावर मजुरी देऊन ठेवावीत. पुढच्या दुरुस्तीला बाहेर माणूस शोधावयास नको. कामाचा नकाशा व तुळयांची जाडी मात्र इंजिनिअरने ठरवावी. लाकडी बांधकामासाठी ८८३ क्रमांकाचे भारतीय मानक आहे, त्याप्रमाणे.

दहावी शंका : खर्च, आणि देणगीदारांची नावे

लाकडाचा भाव घनफुटावर असतो. जाडी आणि रुंदी इंचात, लांबी फुटात घेऊन गुणाकार करावा व १४४ ने भागावे. आठ इंच बाय आठ इंच, दहा फुटी खांब म्हणजे साधारण साडेचार घनफूट. हे गणित आठवीतला मुलगा करू शकतो, म्हणून प्रत्येक नगाचा हिशेब देवळाच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे कोणाच्या मनात किंतू राहणार नाही. लाकडी काम स्वस्त आहे असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही. परंतु आपल्याला सर्व नवे करावयाचे नाही. पहिल्या पाहणीत बहुतेक लाकूड शाबूत निघाले आहे.

मुंबईकर मंडळींची एक रास्त इच्छा आहे की, आपण दिलेला पैसा कोठे लागला ते दिसावे. त्यांनी गिरणीत, गोदीत, मार्केटमध्ये घाम गाळून ही रक्कम जमविली आहे. म्हणून अशी सूचना आहे की, एकेक खण एकेका वाडीने किंवा भावकीने उचलावा. ज्यांची ऐपत खणाची नाही त्यांनी एक वासा द्यावा, ज्यांची तीही नाही त्यांनी शंभर कौले द्यावीत किंवा चार दिवस श्रमदान करावे. नावे सर्वांची एकाच दगडावर, अकारविल्हे, रकमेशिवाय. खांबांवर पाट्या ठोकू नयेत. खिळ्याच्या भोकातून पाणी शिरते.

बंधू-भगिनींनो, उत्तरे संपली. आता टिपणीच्या शेवटी अभिप्राय लिहिण्याची रीत आहे, तो देतो.

देणगीचा प्रत्येक रुपया मंडप उभारण्यात खर्च केला आणि तो पाहण्यासाठी काहीच ठेवले नाही, तर लाकडाचा असो की स्लॅबचा, मंडप पुन्हा याच अवस्थेला येईल. आपण शेताची पीकपाहणी दर हंगामाला करतो, देवळाची कधी केली? मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, गावातील चार माणसांनी मंडपाची पाहणी करावी. फुटकी कौले, पन्हळीतील पाला, खांबाचे बूड, वाळवीची नळी, निघालेल्या खुंट्या, विजेच्या तारा, एवढ्या सहा गोष्टी पाहून वहीत लिहाव्यात, तारीख टाकावी आणि सह्या कराव्यात. जमलेल्या निधीचा दहावा हिस्सा बँकेत देवाच्या नावे ठेव म्हणून ठेवावा व त्याच्या व्याजातूनच ही किरकोळ दुरुस्ती करावी. वेळेवर बदललेले एक कौल पुढे अख्खी तुळई वाचविते.

तेव्हा माझा अभिप्राय असा की, गाभारा आहे तसा राखावा, मंडपाचा लाकडी सांगाडा क्रमांक घालून उतरवावा, शाबूत तेवढा ठेवावा, कुजका तेवढा बदलावा, तळखडे उघडे करावेत, आणि पाहणीची वही कामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू करावी. पुढे हा मंडप उतरविण्याची वेळ नातवंडांवर आली तर प्रत्येक नगावरचा क्रमांक आणि ही वही त्यांच्या हाती असेल. आपल्या हाती तेवढेही नव्हते.

आणखी काही शंका असतील त्या आताच विचाराव्यात, म्हणजे त्याही वहीत नोंदवू.